देवाची इच्छा आणि आपली मर्जी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागला आमच्या चाळीत तळमजल्यावरच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी गीता आणि ज्ञानेश्वरी वाचतो. गिरणीतून निवृत्त झालेले, नोकरीवरून थेट डबा घेऊन येणारे, कॉलेजातली दोन-तीन मुलं असे पंधरा-वीस जण जमतात. मी महापालिकेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे प्रश्न आला की वहीत लिहून ठेवायची सवय आहे. गेल्या काही वर्षांतली वही चाळली तर निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: देवाच्या इच्छेने वागायचं तर माझ्या इच्छेचं काय? तेच प्रश्न आणि मला जमली तशी उत्तरं इथे ठेवते.

देवाच्या इच्छेशिवाय झाडाचं पानही हलत नाही म्हणतात. मग मी निर्णय घेतो तो खरा की नुसता भास?

पान हलण्याआधी ‘हलू की नको’ असा विचार करत रात्रभर जागत नाही. आपण जागतो. या म्हणीत आपलं आणि पानाचं इतकं अंतर आहे, ते विसरू नये.

आपल्या परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर नीट वाद झालेला आहे. ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, एक सूत्र येतं, ‘कर्ता शास्त्रार्थवत्त्वात्’. जीव हा कर्ता आहे, नाहीतर शास्त्राला काही अर्थच राहत नाही. ‘खरं बोल’, ‘चोरी करू नको’ हे कुणाला सांगायचं? ज्याला खोटं बोलता येतं, चोरी करता येते त्यालाच. दगडाला कुणी उपदेश करत नाही. पण थोडं पुढे गेल्यावर तीच सूत्रं म्हणतात की हे कर्तेपण जिवाला मिळतं ते परमेश्वराकडून. मग देव मनमानी करतो का, एकाला चांगली बुद्धी आणि दुसऱ्याला वाईट? त्याचं उत्तर लगेच पुढच्या सूत्रात आहे: देव जिवाने केलेल्या प्रयत्नाकडे पाहूनच देतो. शंकराचार्य तिथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, पण भाताच्या बियाण्यातून भात येतो आणि जवाच्या बियाण्यातून जव. पावसाशिवाय काहीच उगवत नाही, आणि काय उगवणार हे पाऊस ठरवत नाही.

मला स्वतःला या दाखल्यापेक्षा जास्त पटलेलं उत्तर अजून सापडलेलं नाही.

गीता तर सरळ सांगते ना, सगळं ईश्वरच फिरवतो म्हणून?

सांगते. अठराव्या अध्यायातला 61 वा श्लोक काढा. ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहून यंत्रावर बसवल्यासारखं सगळ्यांना मायेने फिरवतो, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. त्याच्या आधीचा श्लोक तर अर्जुनाला आणखी कोंडीत पकडतो. मोहामुळे तू जे करायचं नाही म्हणतोयस, ते तुझ्या स्वभावाने बांधला गेल्यामुळे नाइलाजाने करशीलच.

इथेच पोथी बंद केली तर माणूस हातपाय गाळून बसेल. पुष्कळ जण इथेच बंद करतात. दोन श्लोक पुढे, 63 व्यात, तेच भगवान म्हणतात: ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. याचा नीट, काहीही शिल्लक न ठेवता विचार कर, आणि मग तुला वाटेल तसं कर.

पहिल्यांदा हे वाचून दाखवलं तेव्हा गिरणीतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “बाई, परत वाचा.” मी परत वाचलं. ते म्हणाले, “म्हणजे मालकाने हुकूम दिलाच नाही.” नाही दिला. सतरा अध्याय समजावलं, विश्वरूप दाखवलं, आणि शेवटी निर्णय त्याच्या हातात ठेवला. 73 व्या श्लोकात अर्जुन म्हणतो ‘करिष्ये वचनं तव’, तू सांगतोस तसं करीन. त्या ‘करीन’ला किंमत आहे ती 63 व्या श्लोकामुळे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’चं काय करायचं?

मग 61 आणि 63 यांची सांगड कशी घालायची? थोरांनी ती वेगवेगळ्या तऱ्हांनी घातली आहे, माझी समजूत साधी आहे. स्वभाव, घर, शरीर, काळ यांचा रेटा खरा आहे आणि तो आपण निवडलेला नाही. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा दोन-अडीच लाख गिरणी कामगारांपैकी एकेकट्याच्या हातात किती होतं? पण त्या रेट्यात उभं राहून शेजाऱ्याच्या पोरांना आपल्यातली अर्धी भाकरी दिली की दार लावून घेतलं, हे ज्याचं त्याने ठरवलं. आमच्या चाळीने दोन्ही प्रकार पाहिले.

सगळं प्रारब्धात आहे, तर धडपड कशाला?

प्रारब्ध हा शब्द आपण ‘नशीब’ म्हणून सैल वापरतो. मुळात कर्माचे तीन भाग सांगतात: साठलेलं ते संचित, भोगायला सुरुवात झालेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता करतोय ते क्रियमाण. जुना दाखला बाणाचा आहे. भात्यातले बाण, सुटलेला बाण आणि धनुष्याला लावलेला बाण. सुटलेला परत येत नाही. लावलेला अजून आपल्या बोटांत आहे.

योगवासिष्ठात तर दैव म्हणजे आपलाच मागचा प्रयत्न, असं म्हटलंय. मागचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे टकरा घेतात आणि ज्याचं बळ जास्त तो जिंकतो. समर्थांनी मनाच्या श्लोकांत ‘मना त्वांचि रे पूर्वसंचित केले’ म्हणून जबाबदारी आपल्याच दारात आणून ठेवली. आणि दासबोधात म्हणाले: ‘सामर्थ्य आहे चळवळेचे । जो जो करील तयाचे । परंतु तेथे भगवंताचे । अधिष्ठान पाहिजे ॥’ चळवळ कुणी करायची? जो जो करील त्याने.

देवाला माझा निर्णय आधीच माहीत असेल, तर तो माझा कसा?

आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गल्लीची दोन्ही टोकं दिसतात. एका बाजूने बर्फाची हातगाडी येत असते, दुसऱ्या बाजूने पोरगं चेंडूमागे धावत असतं. खाली दोघांना एकमेक दिसत नाहीत, मला दोघं दिसतात. मला दिसलं म्हणून पोरगं धावलं, असं कुणी म्हणणार नाही. सहाव्या शतकात बोएथियस नावाच्या रोमन विचारवंताने तुरुंगात बसून असंच उत्तर लिहिलं. देवाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नाही, त्याला सगळा काळ एकदम समोर दिसतो, आणि पाहणं म्हणजे करायला लावणं नव्हे.

यावर कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, “पण बाई, तुम्ही गॅलरीतून ओरडाल की, ‘अरे थांब’ म्हणून. देव का ओरडत नाही?” तिला मी एवढंच म्हणाले की कधी कधी ओरडत असावा, आपल्याला आतून टोचतं ते तेच असेल. तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. जाणण्याचा प्रश्न या उत्तराने सुटतो, न थांबवण्याचा सुटत नाही.

देवाची इच्छा कळावी कशी? कौल लावावा का? चिठ्ठ्या टाकल्या तर चालतील?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कारण आमच्याकडचे निम्मे लोक कोकणातले. कौल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळात गुरव पाण्यात भिजवलेले कळे देवाच्या पाषाणाला चिकटवतो. मग गाऱ्हाणं घालतो, “बा देवा म्हाराजा…” आणि प्रत्येक वाक्याला मागून सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” त्यानंतर शांतता. समईची वात तेवढी चुरचुरते. सगळ्यांचे डोळे त्या भिजलेल्या कळ्यांवर. उजवीकडचा कळा सुटला की उजवा कौल, देवाचा होकार.

संपाच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील शिमग्याला गावी गेले आणि त्यांनी कौल मागितला: मुंबईत राहू का? उजवा मिळाला. ते परत आले. गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा वाजला नाही, त्यांनी पुढची चौदा वर्षं एका गोदामावर रखवाली केली. आई देवावर रुसली होती. वडील म्हणायचे, “कौल देवाने दिला, पण प्रश्न मी विचारला होता. मुंबईत राहू का विचारलं, गिरणी सुरू होईल का हे विचारायची हिंमत मला झाली नाही.” मला वाटतं कौलाबद्दल यापेक्षा शहाणं बोलणं मी ऐकलेलं नाही. देवासमोर उभं राहून मन थाऱ्यावर येत असेल, चार माणसांपुढे प्रश्न स्पष्ट मांडावा लागत असेल, तर कौलाला माझा विरोध नाही. पण प्रश्न कोणता विचारायचा, कोणता टाळायचा आणि उत्तराचं काय करायचं, हे तिन्ही आपल्याकडेच राहतं.

आता चिठ्ठ्या. हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. वडील गेल्यावर आई गावी एकटी राहिली. तिला मुंबईला आणायचं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. एक खोली, दोन मुलं परीक्षेची, मोरी सामाईक. मी कॅलेंडरचं पान फाडून दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर ‘आणावं’, दुसरीवर ‘नको’, देव्हाऱ्यापुढे ठेवल्या आणि धाकट्याला एक उचलायला सांगितली. ‘आणावं’ आली. मी म्हटलं, तीनदा बघू. दुसऱ्यांदाही ‘आणावं’च आली. मग मी म्हटलं, आज अमावस्या आहे, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ‘नको’ आली आणि मी थांबले. नातेवाइकांना सांगितलं, देवाचीच इच्छा दिसतेय. आई आणखी दोन वर्षं त्या घरात एकटी राहिली आणि तिथेच गेली.

माझा निर्णय अगदी चूकच होता, असंही नाही. एका खोलीत तिचे हाल झाले असते कदाचित. पण तो माझा होता. मी तो देवाच्या नावावर टाकला आणि त्यामुळे आईशी मोकळेपणाने बोलायचंही टाळलं. “आई, मला जमत नाहीये गं” एवढं म्हटलं असतं तर तिने काय म्हटलं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते आणि विचारणाऱ्याला सांगते. जो भोग आपल्यावर येतो त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे. आपल्यामुळे जो दुसऱ्याच्या वाट्याला येतो, त्याला म्हणायचा नाही.

घरात अकाली मृत्यू झाला. लोक म्हणतात, देवाची इच्छा. मला ते ऐकवत नाही. माझी श्रद्धा कमी पडतेय का?

नाही. ज्याचं माणूस गेलं त्याने ते म्हणावं की नाही हे त्याचं त्याने, त्याच्या वेळेने ठरवावं. भेटायला आलेल्यांनी गप्प बसावं, चहा करून द्यावा, भांडी घासून ठेवावीत.

26 जुलैच्या पावसासारखी संकटं देवच आणतो ना?

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो पाऊस माणसाने पाडला नाही. पण मिठी नदीच्या पात्रात भराव टाकणं, काठ अडवणं, नाल्यांत प्लास्टिक कोंबणं, हे आकाशातून पडलेलं नव्हतं. शंकराचार्यांचा पावसाचा दाखला मला त्या रात्री आठवला होता. दादरपासून लालबागपर्यंत कमरेएवढ्या पाण्यातून अनोळखी माणसांनी दोर धरून मला आणलं. पाऊस तोच, नाला तुंबवणारे हात वेगळे आणि दोर धरणारे वेगळे.

तुकाराम महाराजच म्हणतात, ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’. मग बदलायचा प्रयत्न करणं म्हणजे अश्रद्धा?

तेच तुकोबा ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ असंही म्हणतात. आणि नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करावा लागतो, असंही विचारतात. एक ओळ उचलून भिंतीवर लावली की संत आपल्या सोयीचे होतात.

त्यांच्या आयुष्याकडे बघा. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. घरची सावकारी बुडाली, पहिली पत्नी अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. हे त्यांच्यावर आलेलं होतं आणि ते त्यांनी सोसलं, पुढे त्याबद्दल देवाचे आभारही मानले. पण लोकांकडून जे येणं होतं त्याच्या खतांचं, म्हणजे कर्जाच्या कागदांचं, काय केलं? भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ‘देवाने तुम्हाला कर्जात ठेवलंय, तसेच राहा’ असं ते ऋणकोंना म्हणाले नाहीत. ‘ठेविले अनंते’ हे वाक्य त्यांनी स्वतःला सांगितलं.

‘देवाने ज्याला जिथे जन्माला घातलं तिथे त्याने राहावं’ हेही देवाच्या इच्छेच्या नावानेच सांगितलं गेलं. त्याचं काय?

हा प्रश्न बीडीडी चाळीतल्या एका बौद्ध शेजाऱ्यांनी विचारला, आणि तो टाळून पुढचं काही बोलणं मला शोभणार नाही. हो, सांगितलं गेलं. शेकडो वर्षं, पोथी हातात धरून. चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाच्या दाराबाहेर आहे. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी तिथे उपोषण मांडलं, तेव्हा कुठे अस्पृश्यांसाठी ते दार उघडायचं ठरलं. दार बंद ठेवणारे स्वतःला भाविक समजत होते. ‘देवाची इच्छा’ हा शब्द दुसऱ्याच्या मानेवर ठेवला की काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण आपल्याकडे नाही.

शेजारी म्हणाले, आम्हाला या प्रश्नाची गरजच नाही, बुद्धाने देवाच्या मर्जीवर काही सोडलंच नाही. खरं आहे. बुद्धाच्या काळी मक्खली गोसाल नावाचा आचार्य म्हणायचा की सुताचा गुंडा फेकला तर तो उलगडत जाऊन संपतो, तसं सगळ्यांचं ठरलेलं आहे, प्रयत्नाने काही होत नाही. बुद्धाने त्या मताला कडाडून विरोध केला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धर्म बदलला तो निवड करूनच, आणि लाखो माणसांनी आपल्या तोंडाने प्रतिज्ञा उच्चारल्या. देव मानणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

गुरूंनी आज्ञा केली तर विचार न करता पाळावी?

‘विमृश्य’, म्हणजे ‘नीट विचार करून’, हा शब्द भगवंताने वापरला. तुमचे गुरू त्याच्याहून मोठे नाहीत. घर विका, औषध बंद करा, बायकोला माहेरी पाठवा, असं कुणी देवाच्या नावाने सांगत असेल तर तिथून उठून या.

ख्रिस्ती, मुसलमान, पारशी लोक याबद्दल काय मानतात?

थोडक्यात लिहिते, कारण त्यांचं त्यांनीच सांगावं. ख्रिस्ती लोक रोज ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ अशी प्रार्थना करतात, पण पकडले जाण्याच्या रात्री येशूने आधी ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ असं मागितलं होतं. स्वतःची इच्छा त्याने लपवली नाही, समोर ठेवली आणि मग सोडली. त्यांच्यातही वाद झालेच. इरॅस्मस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने 1524 मध्ये माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि मार्टिन ल्यूथरने पुढच्याच वर्षी ती इच्छा गुलाम आहे असं उत्तर दिलं. इस्लाममध्ये सुरुवातीच्या काळातच सगळं अल्लाच्या हातात मानणारे आणि माणसाला मोकळीक मानणारे असे पंथ झाले. पण उंट आधी बांध आणि मग अल्लावर भरवसा ठेव, ही पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी शिकवण आमच्या नाक्यावरच्या चाचांच्या तोंडी असते.

पारशांचं मला विशेष वाटतं. त्यांच्या गाथांमध्ये झरथुष्ट्र म्हणतात की कानांनी ऐका, मनाने पारखा, आणि प्रत्येकाने आपापल्यासाठी निवड करा. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगली कृती. त्यांच्या मते निवड करणं हीच देवाची इच्छा. हे वाचलं तेव्हा मला अठराव्या अध्यायातला ‘विमृश्य’ आठवला.

विज्ञानाने सिद्ध केलंय ना, की मेंदू आपल्याआधीच ठरवतो?

1983 मध्ये मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बोट किंवा मनगट हलवायची इच्छा माणसाला जाणवण्याच्या काही दशांश सेकंद आधी मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. तिचा अर्थ काय, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. मनगट केव्हा हलवायचं आणि आईला आणायचं की नाही, हे प्रश्न मला एका जातीचे वाटत नाहीत. एवढंच म्हणते.

शरण जाणं म्हणजे आपली इच्छा मारणं का?

बाराव्या अध्यायात ज्ञानेश्वर माउली म्हणतात: ‘माळिये जेउते नेले । तेउते निवांतचि गेले । तया पाणिया ऐसे केले । होआवे गा ॥’ माळी नेईल तिकडे मुकाट जाणाऱ्या पाण्यासारखं हो. ऐकायला हे इच्छा पुसून टाकल्यासारखं वाटतं. पण ‘हो’ असं सांगितलंय, ‘आहेस’ असं नाही. पाण्याला कुणी ‘पाण्यासारखं हो’ सांगत नाही. आणि पाट सोडताना कधी शेतात उभे राहिला असाल तर पाहिलं असेल, पाणी मरत नाही. वाफ्यात शिरताना ते मातीच्या भेगा भरतं, चुळचुळ आवाज करतं, मुळाशी जातं. त्याचं पाणीपण पूर्ण वापरलं जातं.

शरणागतीचा प्रसिद्ध श्लोक, ‘मामेकं शरणं व्रज’, अठराव्यात 66 वा आहे. ‘तुला वाटेल तसं कर’ च्या नंतर. हा क्रम मी गुरुवारी फळ्यावर आकडे लिहून दाखवते, शाळेतली सवय.

मला पटलं नाही तरी गुरुवारी आलं तर चालेल?

जरूर या. सात ते साडेआठ. फी नाही, पोथी तुमची असेल तर आणा, नसेल तर शेजाऱ्याच्या पोथीत बघा. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी मागे चार खुर्च्या ठेवलेल्या असतात. सध्या सहावा अध्याय चालू आहे, ‘उद्धरेदात्मनात्मानं’ पाशी आलोय, आणि मागच्या वेळी एका आजोबांनी विचारलेला प्रश्न तसाच राहिला आहे: आपणच आपल्याला वर काढायचं, तर देव कुठे उभा असतो? येत्या गुरुवारी तिथून सुरुवात करू.